खबर खरी का, हे विचारायला कबनूरला

रविवारचं खबरपत्र बुधवारीच लिहून तयार होतं, पण त्यातली एक बातमी खरी आहे असं माझं मन घेत नव्हतं. पाठवायचं बटण माझ्याच्यानं दाबवेना. गुरुवारी कॉलेजात दोन दिवसांची रजा टाकली आणि संध्याकाळी जळगाव स्टेशनावर कोल्हापूरच्या गाडीची वाट पाहत उभी राहिले. नवऱ्यानं विचारलं, "ज्या माणसाला तू कधी पाहिलेलं नाहीस, त्याला शोधायला एवढ्या लांब?" मी हो म्हटलं. दुसरं काही सांगण्यासारखं नव्हतंच.

मी ग्रंथपाल आहे. आमच्या ग्रंथालयातले जुने कॉम्प्युटर नव्या सिस्टिमच्या ओझ्यानं बसकण मारायला लागले, तेव्हा कुणीतरी 'पणती' सुचवली. कॉम्प्युटर चालवणाऱ्या लिनक्स या प्रणालीचे असंख्य अवतार असतात, त्यातला हा एक चिमुकला. फुकट, हलका, आणि जगभरच्या मूठभर हौशी लोकांनी नोकरी-धंदा सांभाळून चालवलेला. मला प्रोग्रॅम लिहिता येत नाहीत. पण कुणी काय दुरुस्त केलं, नवी आवृत्ती कधी येणार, कोण नवं आलं, कोण थकून निघून गेलं, हे गोळा करून दर रविवारी सगळ्यांना लिहून पाठवणं मला जमतं. तेच माझं खबरपत्र.

आमच्यात 'धोटा' नावाचा एकजण होता. टोपणनावाचा अर्थ मी कधी विचारला नाही. खरं नाव बसवराज मगदूम आणि गाव कबनूर, एवढंच माहीत होतं, तेही मागे सगळ्यांना पणतीचे टी-शर्ट पाठवले तेव्हा पत्ते माझ्याकडे आले म्हणून. धोट्याकडे सगळ्यात नाजूक काम होतं. आपला कॉम्प्युटर अधूनमधून पणतीकडे 'काही नवीन आहे का' असं विचारतो आणि जे मिळेल ते निमूट बसवून घेतो. ते देण्याची व्यवस्था धोटा पाहायचा. गावच्या पाण्याच्या टाकीची किल्ली ज्याच्या हातात, त्यानं टाकीत काय मिसळलं ते नळाखाली घागर लावणाऱ्याला कळत नाही. तशी ही किल्ली.

दोन आठवडे धोट्याचा पत्ता नव्हता. मग त्याच्या खात्यावरून एक निवेदन आलं. घरच्या अडचणीमुळे मी काही काळ दूर आहे, माझी जुनी सहीची किल्ली हरवली, ही घ्या नवी, आणि यापुढे माझं काम हे अमुक गृहस्थ पाहतील. सहीची किल्ली म्हणजे ज्याच्या-त्याच्या कॉम्प्युटरातली एक गुप्त फाइल, जिच्यानं केलेल्या सहीवरून पाठवलेलं काम त्याचंच का, हे बाकीच्यांना तपासता येतं. ते गृहस्थ आमच्यात नवेच होते, पण कामसू आणि गोड बोलणारे. निवेदन स्वच्छ, नेटक्या इंग्रजीत होतं. तेच मला खटकलं. धोट्याचा मजकूर मी सहा वर्षं सुधारून छापत आले होते. त्याची सगळी अक्षरं लहान, पूर्णविराम कुठंच नाही, आणि इंग्रजी वाक्याच्या शेवटीसुद्धा 'की'.

ब्राझीलमधली लुसिया आमच्या नव्या आवृत्तीचं काम सांभाळते. तिला हे कळवलं, तर ती म्हणाली, "वसुधा, हल्ली सगळ्यांचंच इंग्रजी चांगलं असतं. मशीन लिहून देतं. हा पुरावा होत नाही." खरंच होतं ते. सोमवारी नवी आवृत्ती निघायची होती. रविवारी मी ती बातमी छापली की सगळे ती नवी किल्ली आणि तो नवा माणूस खरे मानणार होते, कारण खबरपत्रात आलं म्हणजे खरं, असा आमचा रिवाज. पत्त्यासोबतचा धोट्याचा फोन लागत नव्हता.

शुक्रवार

हातकणंगल्याला उतरले तेव्हा ऊन डोक्यावर आलं होतं. स्टेशनाबाहेर वडाप उभं होतं. माणसं भरली की सुटणारी जीप. माझ्यापुढच्या गृहस्थाला चालक म्हणाला, "पावणं, सरका की जरा आत," आणि मला, "मावशी, बसा. कबनुरात सोडतो, काळजी नगं." आमच्याकडे जळगावला अनोळखी माणसाशी आधी चार शब्द जपून बोलतात. इथं पहिल्याच वाक्यात नातं लागतं आणि दुसऱ्या वाक्यात हुकूम सुटतो. दोन्ही बाजूंना ऊस होता. आमच्या केळीच्या बागेतून पलीकडचं दिसतं, उसातून काहीच दिसत नाही. मनाच्या त्या अवस्थेत मला तेही बरं वाटलं नाही.

कबनूर दिसण्याआधी ऐकू आलं. घराघरातून यंत्रमागांचा खडखडाट येत होता, आणि तो थांबतच नव्हता. पत्ता विचारायला मला दर वेळी ओरडावं लागलं. मारुतीच्या देवळामागच्या गल्लीत एकच घर गप्प होतं, आणि बोट दाखवणाऱ्यानं तेच दाखवलं.

दारात एक म्हातारी बाई कांड्यांवरचं उरलेलं सूत सोडवत बसली होती. मी बसवराज मगदूमांचं नाव घेतलं. ती वर न पाहता म्हणाली, "धोटा उडाला, बाई."

मला वाटलं, धोटा गेला. मी तिथंच उंबऱ्यावर टेकले.

"डोळ्यात बसला," ती पुढे म्हणाली. "उजव्या. कोल्हापुरात ठिवलंय माझ्या लेकाला."

मग तिनं आत नेऊन दाखवलं. मागाच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सूत घेऊन धावणारा, दोन्ही टोकांना लोखंडी अणी असलेला लाकडी तुकडा, तो धोटा. कधी तो वाट सोडून बंदुकीच्या गोळीसारखा बाहेर येतो. चार माग ओळीनं बंद उभे होते. शेवटच्या मागाशेजारच्या कोनाड्यात एक जुना लॅपटॉप, त्यावर कापसाचा पांढरा भुगा. सहा वर्षं आम्ही ज्याला मोठ्या कंपनीतला इंजिनियर समजत होतो, तो या खडखडाटात मागाकडे एक डोळा ठेवून जगभरच्या कॉम्प्युटरांची देखभाल करत होता.

म्हातारीनं, म्हणजे बसवराजच्या आईनं, अव्वांनी, विचारलं, "ऊटा आत?" ते कानडी मला कळलं नाही. "जेवलीस का?" त्यांनी मराठीत सांगितलं. मी खोटंच हो म्हटलं आणि कोल्हापूरची एसटी धरली.

अव्वांनी सांगितलेल्या इस्पितळात चारच्या सुमारास पोचले. खोलीच्या दारात त्याची बायको शैलजा उभी होती. तिशीची, डोळ्यांखाली काळं आलेलं, पदर कमरेला खोचलेला.

"कोण म्हणायच्या तुम्ही?"

मी नाव सांगितलं, जळगाव सांगितलं, पणती सांगितली.

"डाक्टरांनी ह्यांना जास्त बोलायचं न्हाय म्हणून सांगितलंय. काम काय हाय ते मला सांगा."

आतून आवाज आला. "शैला, कोण? खबरपत्रवाल्या बाई? येऊ दे की."

तो उताणा पडला होता. फाटलेल्या बुबुळाला टाके घातले होते. तो डोळा हलू नये म्हणून दुसऱ्यावरही पट्टी होती. डाव्या हाताला सलाईन. मी सगळं थोडक्यात सांगितलं आणि ते निवेदन मराठीत करून ऐकवलं.

"मी न्हाय लिवलं. मी गेलं पंधरा दिस मोबाइल बघितला न्हाय. पडला त्याच दिवशी, मागाखाली. आनि माझी किल्ली कुठं हरवली? लॅपटॉपात हाय की घरात."

"मग तुझं खातं दुसऱ्याच्या हातात गेलं कसं?"

"तुमच्यामुळं की."

मला वाटलं, मी चुकीचं ऐकलं.

"धोटा लागायच्या आदल्या दिवशी तुमचं पत्र आलतं. 'ह्या रविवारी तुमच्यावर लिहिलंय, छापायच्या आधी वाचून बघा.' तीच पणती, तोच रंग, खाली तुमचं नाव. मी दाबलं. पासवर्ड मागितला, घातला. आत काहीच नव्हतं. म्हटलं, बाई गडबडल्या असतील."

असं पत्र मी कधीच पाठवलं नव्हतं. पण ते माझ्या नावावर उघडलं गेलं होतं. सहा वर्षं दर रविवारी न चुकता लिहून मी जो विश्वास कमावला, त्याचाच कुणीतरी मुखवटा करून याच्या घरात शिरलं होतं. मी शरमेनं खिडकीबाहेर बघत राहिले.

शैलजा इतका वेळ ऐकत होती. ती माझ्यासमोर येऊन उभी राहिली. "त्या पत्रातबी तुमचंच नाव हुतं न्हवं? मग तुम्ही तरी त्याच कशावरनं?"

मी आधार कार्ड काढून दिलं. तिनं ते उलटसुलट पाहिलं, माझ्या चेहऱ्याशी जुळवलं.

"वसुधा चौधरी हायसा, हे खरं. पर ह्यांच्या त्या वसुधा तुम्हीच, हे ह्याच्यावर कुठं लिवलंय?"

मी म्हटलं, "बसवराज, आपण एकमेकांना लिहिलेलं काहीतरी विचार मला."

तो पट्टीखालून खिन्न हसला. "काय विचारू? माझी सगळी पत्रं त्यानं वाचली असतील आता. तुम्हाला ठावं, ते त्यालाबी ठावं."

त्याचं बरोबर होतं. सहा वर्षांच्या ओळखीतलं आमच्या दोघांचं असं काहीच उरलं नव्हतं. नर्सनं भेटीची वेळ संपल्याचं सांगितलं. मी कसबा बावड्याच्या रस्त्यावरच्या एका लॉजवर जाऊन पडले.

शनिवार

पहाटेच साखर कारखान्याच्या मळीचा आंबूस-गोड वास खोलीत भरला. लॉजसमोर मिसळ मागवली. आमच्याकडे पाव देतात, इथं ब्रेडचे जाड तुकडे. तर्रीचा लाल थर बघूनच भूक मेली. दोन घास खाऊन उठले, तर मालक दुखावून म्हणाला, "तिखट लागली व्हय? दही घाला की!" त्याला काय सांगणार, की माझ्या घशाखाली दहीसुद्धा उतरलं नसतं. उद्या रविवार होता.

रात्री लॉजवर विचार करून एक मार्ग सुचला होता. बसवराजची जुनी किल्ली लॅपटॉपात सुखरूप होती. तिनं केलेली सही खरी का खोटी, हे लुसिया आणि सगळे वर्षानुवर्षं तपासत आलेले. 'ते निवेदन माझं नाही' एवढं लिहून त्यानं जुन्या किल्लीनं सही केली, की चोराची लबाडी संपली. पण किल्ली वापरायला एक लांबलचक परवलीचं वाक्य लागतं, आणि ते फक्त त्याला माहीत. म्हणजे त्याला न दिसणाऱ्या मजकुरावर त्यानं सही करायची. तीही माझ्या भरवशावर.

इस्पितळात जाऊन शैलजाला हे सांगितलं. तिनं पदर झटकला. "लॅपटॉप मी आणते. आनि तुम्हाला हितं ह्यांच्यापाशी ठिवून जायची न्हाय. माझ्यासंगं चला."

अशी आमची कबनूरची वारी निघाली, एसटीत एका बाकावर, मध्ये तिची पिशवी. हेर्ल्याच्या पुढं गेल्यावर ती आपणहून बोलायला लागली.

"मला वाटायचं, ह्यांचं दुसरं काय तरी लफडं हाय. माग चालू, आनि हे त्या डबड्यात तोंड घालून हसत्यात. एकदा मी भांडले. तवा म्हणले, शैला, लांबच्या कुठल्या शाळेतलं बंद पडलेलं मशीन आत्ता चालू झालं, माझ्यामुळं."

"मग?"

"मग काय? म्हटलं, आपला तिसरा माग कवाधरनं बंद हाय, तेवढा बी करा."

मला हसू आलं, तिलाही. मग तिनं पिशवी मांडीवर ओढली. "तवा हे त्यात बघत नसते, तर धोटा चुकवला असता का, हे मला सारखं वाटतंय. तुम्हीच सांगा."

तोच प्रश्न मलाही कालपासून पोखरत होता.

अव्वांनी जेवल्याशिवाय सोडलं नाही. जोंधळ्याची भाकरी, दही, आणि हिरव्या मिरचीचा खर्डा. आमच्या ज्वारी-उडदाच्या कळण्याच्या भाकरीपेक्षा ही पांढरी आणि पातळ. खर्डा मात्र आमच्या ठेच्याचा सख्खा भाऊ. दोन दिवसांत पहिल्यांदा पोटात अन्न गेलं. लॅपटॉपवरचा भुगा अव्वांनी पदरानं पुसला, लेकराचं तोंड पुसावं तसा.

या सगळ्यात चार्जर कोनाड्यातच राहिला. इस्पितळात पोचून बटण दाबलं तेव्हा कळलं. बॅटरी कधीचीच संपलेली. लॅपटॉपची चार्जिंगची खाच अशी जुनाट, की मजल्यावरच्या कुणाचाच चार्जर बसेना. मी राजारामपुरीत दुकानं पालथी घातली. तिसऱ्या दुकानदारानं लॅपटॉप हातात घेऊन वजन केलं. "मावशी, ह्याला चार्जर न्हाय, पेन्शन द्या." पण मागच्या खोलीत जाऊन धुळीतून एक चार्जर काढून आणला, आणि दिवा लागला.

परत आले तेव्हा तीन वाजून गेले होते. मी मजकूर लिहायला बसले. सवयीनं इंग्रजीत पहिलं वाक्य लिहिलं, आणि शैलजानं हात धरला.

"हे काय लिवताय, मला कसं कळणार? मराठीत लिवा."

"पण वाचणारे सगळे..."

"त्यांचं ते बघून घेतील. सही माझा नवरा करतोय. मला वाचता आलं पायजे."

पणतीच्या सगळ्या इतिहासात एकही निवेदन मराठीत निघालं नव्हतं. मी लिहिलं, 'मी बसवराज मगदूम, म्हणजे धोटा. डोळ्याला इजा झाल्यामुळे मी इस्पितळात आहे. माझं खातं चोरीला गेलं आहे. किल्ली हरवल्याचं निवेदन मी लिहिलेलं नाही. मी माझं काम कुणालाही सोपवलेलं नाही. ही सही माझ्या जुन्या किल्लीची आहे.'

शैलजानं ते बोट फिरवत, एकेक शब्द मोठ्यानं वाचलं. मग मला खोलीबाहेर उभं करून, दार लावून, त्याला पुन्हा वाचून दाखवलं. दार उघडून म्हणाली, "बाई खरी असू दे न्हायतर खोटी. मजकूर खरा हाय. करा सही."

नर्सला विनवून त्याला टेकवून बसवलं. लॅपटॉप मांडीवर. सहीची आज्ञा मी मेन्यूतून दिली, परवलीची चौकट उघडली, आणि शैलजानं मला भिंतीकडे तोंड करून उभं केलं. त्याची बोटं धावली. चूक.

"सलाईनच्या हातानं झालं असंल," तो म्हणाला. पुन्हा. चूक. तिसऱ्यांदा सावकाश. चूक. चौकट बंद झाली.

त्याच्या कपाळावर घाम आला होता. "वाक्य मला तोंडपाठ न्हाय, बोटांना पाठ हाय. बोटंच इसरली तर काय करू?" शैलजानं त्याचा घाम पुसला. माझ्या डोक्यात सोमवार घोंघावत होता. ती बातमी छापली नाही तरी लुसियाकडे त्या माणसाविरुद्ध दाखवायला काही नव्हतं.

मग तो एकदम म्हणाला, "बाई, मजकूर मराठीत लिवलासा. कीबोर्ड मराठीतनं परत इंग्रजीत केलासा का?"

मी केला नव्हता. चौकटीत नुसते ठिपके दिसतात, अक्षरं दिसत नाहीत. तो बिचारा बरोबर तीच बटणं दाबत होता आणि आत भलतंच उमटत होतं. शैलजा माझ्याकडे बघून म्हणाली, "चोर असत्या तर एवढी येडी चूक केली नसती." त्या दोन दिवसांत तिनं माझ्या बाजूनं बोललेलं पहिलं वाक्य.

कीबोर्ड बदलला, पुन्हा भिंतीकडे तोंड केलं. बोटांचा आवाज आला, मग काहीच नाही, मग शैलजा: "खाली कायबाय अक्षरं आली बगा."

सही झाली होती. माझ्या फोनवरून इंटरनेट घेऊन ती लुसियाला पाठवली. तिला मजकुरातलं अक्षर कळत नव्हतं, पण सही तपासायला भाषा लागत नाही. तिचं उत्तर आलं: जुळली. ते मी मराठीत सांगितलं, तेव्हा बसवराजनं उशीवर मान टाकली आणि लगेच झोपी गेला.

परत

रविवारच्या खबरपत्रात ती एकच बातमी होती, आधी मराठी, खाली भाषांतर. त्याखाली मी लिहिलं, की फसवणारं पत्र माझ्या खबरपत्राचं सोंग घेऊन आलं होतं. हे वाक्य लिहायला सगळ्यात जास्त वेळ लागला. सोमवारची आवृत्ती लुसियानं थांबवली. त्या गोड बोलणाऱ्या गृहस्थांनी देऊ केलेल्या कामात, कुठल्याशा अनोळखी ठिकाणाहून गुपचूप काहीतरी ओढून आणणारी एक बारीक ओळ सापडली. गृहस्थ त्याच दिवशी दिसेनासे झाले. ते कोण, कुठले, आजही कळलेलं नाही, आणि आणखी कुणाला माझ्या नावानं पत्रं गेली आहेत का, हेही नाही. कधी मध्येच जाग येते, ती याच विचारानं.

बसवराजच्या पट्ट्या निघाल्या. डाव्या डोळ्याला सगळं दिसतं, उजव्याला उजेड आणि सावल्या. पुढे किती सुधारेल, हे डॉक्टर नक्की सांगत नाहीत. माग तीन सुरू झालेत. पणतीचं काम त्यानं आपल्या सहीनं, आपल्या शब्दांत लुसियाकडे तात्पुरतं सोपवलं. पडद्याकडे फार वेळ बघायची मनाई असल्यानं खबरपत्र त्याला शैलजा वाचून दाखवते. म्हणून आता ते मराठीतही निघतं.

रविवारी सकाळी मी ते पाठवते आणि फोन जवळ घेऊन बसते. थोड्या वेळानं कबनूरहून फोन येतो. मागून मागांचा खडखडाट, आणि त्यावरून शैलजाचा चढा आवाज: "बाई, पत्र आलंय. तुम्हीच धाडलंय न्हवं?"

"हो," मी म्हणते, "मीच."

मग ती ते उघडते.